विटेवर थांबणार कोण?

गेल्या श्रावणात एका रात्री अण्णा कपाट उघडून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "माझी पिशवी दे, एसटी चुकेल." त्यांना निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली आहेत. आईला वाटलं, झोपेत असतील. सकाळी समोर चहा ठेवला, तर कप कुठून धरायचा हेच त्यांना उमगेना. शेजारचे म्हणाले, वय झालं आता, असं व्हायचंच. आईनं त्यावर विश्वास ठेवला आणि दोन दिवस मला काहीच सांगितलं नाही.

आई-वडील कराडला, मी ठाण्यात, धाकटी बहीण साताऱ्यात. तिसऱ्या दिवशी तीच गेली, तिनंच रिक्षा बोलावली, तिनंच दवाखाना गाठला. रक्तात सोडियम ११८ निघालं. १३५ च्या खाली यायला नको असतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम असं उतरतं, हे डॉक्टरांनी आम्हाला त्या दिवशी समजावलं. गोळी बदलली, चार दिवस आयसीयूत ठेवलं, अण्णा माणसांत आले. ज्याला सगळी गल्ली म्हातारचळ म्हणत होती, त्यावर एका गोळीचा उपाय होता.

या सगळ्यात माझी कामगिरी म्हणजे फोन, पैसे पाठवणं आणि काळजी. ती मात्र मी भरपूर केली. बहिणीनं अण्णांचे डायपर बदलले, रात्री त्यांच्या हाताची सलाईन उपटू नये म्हणून जागी राहिली, दहा दिवसांची रजा बिनपगारी झाली म्हणून शाळेतल्या मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी आम्हा दोघांचा निकाल तिथल्या तिथे लावून टाकला. लेक असावी तर अशी, आणि मुलगा काय, ठाण्याला. मला राग आला, कारण त्यात तथ्य होतं. पण नंतर लक्षात आलं की कौतुक आणि टोमणा या दोहोंमागे एकच समजूत आहे. म्हातारपणीची देखभाल हा संस्कारांचा प्रश्न आहे; मूल चांगलं निघालं तर निभतं, वाईट निघालं तर हाल होतात.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्याला महाग पडते आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

आई-वडिलांची सेवा म्हटलं की मराठी माणसाला पुंडलिक आठवतो. आधी आई-वडिलांना छळणारा आणि मग असा बदललेला, की साक्षात देव दारात आला तरी पाय चेपायचे सोडून उठला नाही. आपण ही गोष्ट पुंडलिकाच्या बाजूनंच ऐकतो. एकदा विटेच्या बाजूनं ऐकून बघा. पुंडलिकाला सेवा करता आली, कारण ज्याच्याकडे त्याला जायचं होतं तो थांबायला तयार होता. पुंडलिकानं वीट भिरकावली आणि देव त्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रजेचा अर्ज मागितला नाही, टार्गेटचं विचारलं नाही. आज पुंडलिक पुष्कळ आहेत. थांबणारं कुणी नाही.

दुसरा आपला आदर्श श्रावणबाळ. त्याच्या नावानं राज्य सरकार ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १५०० रुपये देतं. पण श्रावणाची गोष्ट शेवटपर्यंत सांगायची तर ती सेवेची थोरवी सांगून थांबत नाही. दोन आंधळी म्हातारी माणसं, त्यांचा सगळा भार एका खांद्यावर, पाणी आणायला गेलेल्या त्या एकट्याला बाण लागतो आणि कावडीतले दोघंही पाण्यावाचून प्राण सोडतात. सगळी देखभाल एकाच माणसावर टाकली की काय होतं, हे याहून स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही. आपण मात्र त्यातून कावड तेवढी उचलली.

कायद्यानंही तेच केलं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ सालचा. प्रांताधिकाऱ्यांसमोर न्यायाधिकरण चालतं, वकिलाची गरज नाही, महिना १० हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. फसवलेल्या म्हाताऱ्यांना या कायद्याचा खरोखर आधार आहे. तो नसावा असं मी म्हणणार नाही. लातूर जिल्हा परिषदेनं तर आणखी पुढे जाऊन, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून थेट पालकांना द्यायचा निर्णय घेतला. बातमी गाजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाठाळांना चाप बसलाच पाहिजे. पण त्याच कर्मचाऱ्याची आई अंथरुणाला खिळली आणि त्याला तिच्याजवळ थांबायचं असेल तर त्याला काय मिळतं, हे कुणी विचारलं नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती योग्यच आहे. आई-वडिलांसाठी अशी स्वतंत्र रजा नाही. आहे त्या रजेत भागवा. जपानमध्ये घरातल्या एका आजारी माणसामागे ९३ दिवस मिळतात.

२००७ च्या त्या कायद्यातली एक गंमत सांगतो. त्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाहीच. २०१९ साली संसदेत मांडलेल्या दुरुस्तीत सून आणि जावई आले होते. ते विधेयक कायदा न होताच संपलं. म्हणजे कायदा जिचं नाव घेत नाही, तिच्याच हातात घरानं बेडपॅन दिलेलं असतं. सासूचं पथ्य, सासऱ्यांच्या इन्शुलिनच्या वेळा, डॉक्टरची चिठ्ठी, रात्रीची हाक, सगळं तिच्याकडे. मुलगा 'आईवडिलांना सांभाळतो' असं गाव म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की त्याची बायको सांभाळते. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांच्या देखभालीला वेळ देताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के, देणाऱ्यांतही बायकांची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांची ७४. त्यात मुलांचं करणंही धरलेलं आहे, पण म्हाताऱ्यांच्या खोलीत चित्र याहून वेगळं असेल असं मानायला मी तयार नाही. आमच्या घरातलं तर मी पाहिलंच आहे.

म्हणूनच 'संस्कार' हा शब्द ऐकला की मी सावध होतो. संस्काराचं बिल बहुतेक वेळा घरातल्या कुठल्या तरी बाईच्या नावानं फाटतं.

आणखी एक. मुलं अमेरिकेत आणि म्हातारे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, हे चित्र आपल्या वर्तमानपत्रांना फार आवडतं. त्या घरांमधलं एकटेपण खोटं नाही. पण त्यांच्याकडे निदान ब्यूरोला फोन करून बारा तासांची मावशी आणायचे पैसे असतात. बीडकडच्या पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावं दिवाळीच्या आसपास बघा. ऊसतोडीला जोडपी निघतात, कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात नाहीतर कर्नाटकात, पाच-सहा महिन्यांसाठी. गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं. ज्या म्हातारीला बीपीची गोळी वेळेवर मिळत नाही, तीच दोन नातवांना भाकरी करून घालते. मुलांनी सोडून दिलं म्हणून ती एकटी नाही. मुकादमाची उचल घेतलेली आहे, ती फिटल्याशिवाय मुलगा फडावरून हलू शकत नाही. त्याला संस्कारांवर व्याख्यान द्यायला कुणाची जीभ रेटेल? कोकणात चाकरमान्याची वाट पाहणारी घरं वेगळी, पण रात्री दोनला छातीत दुखायला लागल्यावर तिथेही प्रश्न तोच. कोण येणार?

आता काळजीबद्दल. मला स्वतःला आजारापेक्षा ती जास्त अवघड गेली.

अण्णा घरी आल्यावर मी आईला विचारलं, "दोन दिवस का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगून तू काय करणार होतास? उगाच तुझी झोप गेली असती." मला उत्तर देता आलं नाही. म्हातारी माणसं दुखणं लपवतात याची आपण तक्रार करतो. पण ती हिशेबानं लपवतात. चक्कर येते असं सांगितलं तर मुलगा चार तपासण्या मागे लावील, सुट्टी काढील, सुनेला त्रास होईल, आणि शेवटी कुणी तरी म्हणेल, "आता तुम्ही एकटे राहू नका." या शेवटच्या वाक्याची त्यांना मधुमेहापेक्षा भीती वाटते. आणि आपली काळजी नेमकी तिकडेच जाते. मी अण्णांची स्कूटर विकून टाकली. हॉलमध्ये कॅमेरा लावला. ठाण्यात मीटिंगमध्ये बसून मी मोबाइलवर माझ्या वडिलांना खुर्चीत बसलेलं बघायचो आणि त्याला काळजी घेणं म्हणायचो. महिन्यानं अण्णांनी कॅमेऱ्यावर टोपी घातली. स्वतःची, गांधी टोपी. मी फोन केला तर म्हणाले, "मला विचारलं होतंस?" कॅमेरा काढला. स्कूटर परत आणता आली नाही.

आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "चालता-बोलता जावं, बाकी काही मागणं नाही." ते आपण नम्रतेनं ऐकतो, कधी विरक्ती म्हणून कौतुक करतो. मला ते आता तसं ऐकू येत नाही. पडून राहिलो तर काय होईल, हे त्यांनी शेजारच्या घरात बघितलेलं असतं. पाठीला झालेल्या जखमा, ओली गादी, कंटाळलेली सून, कर्ज काढलेला मुलगा. आपल्या व्यवस्थेची परीक्षा घेऊन त्यांनी दिलेला तो निकाल आहे. मरणाची भीती त्यांना फारशी नसते. दुसऱ्यावर पडण्याची असते.

सरकार काहीच करत नाही असं नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. चष्मा, काठी, कमोडची खुर्ची घ्यायला मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना एकदाच ३००० रुपये मिळतात. अडचणीत १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पण या सगळ्याचा रोख बघा. आयुष्मानचं कवच दवाखान्यात दाखल झाल्यावर लागू होतं. घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च त्यात बसतो. म्हातारपणीचं खरं दुखणं सोळाव्या दिवशी सुरू होतं. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन पाच दिवसांत आटोपतं. त्यानंतर तीन-चार महिने त्या माणसाला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, वॉकर धरून चार पावलं चालवणं, आणि तो पुन्हा पडणार नाही असं बघणं, हे कुठल्याच कार्डावर नाही. एसटीनं फुकट गडचिरोलीला जाता येतं, पण घरी येऊन पाय कसा उचलायचा ते दाखवणारं माणूस मिळत नाही. स्मृतिभ्रंशाचं तर विचारूच नका. देशात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या घरात लोक त्यानं ग्रासलेले असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातल्या कितींच्या घरी तो शब्दही पोचला नसेल. त्यांना दाखल करायचं कशासाठी? त्यांना दिवसभर सोबत हवी असते.

सोबत देता येते, हे केरळनं दाखवलं आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टर आणि स्वयंसेवक असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एकत्र आले. पुढे मलप्पुरम भागात शेजारपाजारच्या लोकांचं जाळं तयार झालं, आणि २००८ मध्ये राज्यानं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना हलक्या करणाऱ्या देखभालीचं, धोरण करून ते काम पंचायतींपर्यंत नेलं. पंचायतीची नर्स स्वयंसेवकांना घेऊन ठरल्या दिवशी घरी येते. कॅथेटर बदलते, जखम धुते, घरच्यांना कुशीवर वळवायचं शिकवते, आणि थोडा वेळ बसते. या 'बसते'ला मी औषधाइतकंच महत्त्व देतो. केरळचं सगळं गोड आहे असं नव्हे. तिथली घरंही आखातात गेलेल्या मुलांनी रिकामी केली आहेत. पण तिथल्या पंचायतीला हे आपलं काम वाटतं. आपल्याकडे आरोग्य उपकेंद्रांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीत ज्येष्ठांची सेवा आणि पॅलिएटिव्ह केअर कागदावर आहेच. आशाताई आधीच दारोदार जातात. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादून भागणार नाही; वेगळी नर्स, तिचा नियमित पगार आणि तिला फिरायला गाडी लागेल. ग्रामपंचायतीला उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी राखावे लागतात. ज्येष्ठांच्या घरपोच देखभालीसाठी तसाच एक वाटा बांधून द्यायला काय हरकत आहे?

हरकत असते, आणि ती पैशाची नसते. मी हे बोललो की एक मामा हमखास म्हणतात, "म्हणजे आई-वडिलांना सरकारच्या गळ्यात बांधायचं आणि मुलांनी मोकळं व्हायचं." आपली भाषाही त्यांच्याच बाजूनं आहे. मुलाला शाळेत 'घालतात', पाळणाघरात 'ठेवतात', आणि आईला वृद्धाश्रमात 'टाकतात'. दिवसभराच्या केंद्रात सोडलं तरी लोक टाकलं असंच म्हणतील. पण पाळणाघरं निघाली म्हणून आयांचं मुलांवरचं प्रेम आटलं का? उलट बहिणीचा अनुभव सांगतो. अण्णा घरी आल्यावर आम्ही तीन आठवडे एक मावशी ठेवली. पहिल्या दोन दिवसांत बहिणीनं तिच्याकडून न ओढता चादर बदलायची कशी ते शिकून घेतलं. रात्री सलग सहा तास झोपली. आणि त्यानंतर ती अण्णांशी पहिल्यांदा बोलली. तोवर फक्त करत होती. मावशीला मात्र कुणी कधी काही शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या एका घरी पेशंट पडला, तेव्हा आपण घाबरून पळून आलो, असं तिनंच सांगितलं. ना प्रशिक्षण, ना विमा, बारा तास उभं राहून जे मिळतं त्यातून ब्यूरोचं कमिशन. आपल्या आई-वडिलांचं म्हातारपण आपण जिच्या हाती देतो, तिच्या म्हातारपणाची सोय कुणी केलेली नाही, हेही या लेखात एका ओळीपुरतंच येतं आहे, याची मला जाणीव आहे.

मोठ्या शहरांत बरंच काही निघेल. पैसेवाल्यांसाठी निघतं आहेच. बटण दाबलं की अॅम्ब्युलन्स येईल अशा वर्गणीच्या योजनांच्या जाहिराती मला रोज दिसतात. माझी चिंता कराडची, पाटोद्याची, गुहागरची आहे. तिथे हे बाजारावर सोडलं तर बाजार येणार नाही. आणि मुलांवर सोडलं तर मुलं येतील, पण उशिरा येतील, थकून येतील, आणि बहुतेक वेळा एकटी बहीण येईल.

मध्यंतरी नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार घरी आला. चांगला मुलगा आहे, आम्ही लहानपणापासून ओळखतो. आईच्या पाया पडला. बागेत ज्येष्ठांसाठी बाकडी टाकणार, विरंगुळा केंद्र काढणार, कॅरम आणि वर्तमानपत्रं ठेवणार म्हणाला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बागेपर्यंत हे चालत येऊ शकत नाहीत, त्याचं काय? आणि रात्री न्हाणीत पाय घसरला तर कोण येईल?"

"काकू, फक्त एक हाक मारा," तो म्हणाला, आणि फोटो असलेलं कार्ड देऊन पुढच्या घरी गेला.

ते कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावलेलं आहे. परवा गेलो तेव्हा पाहिलं, फोटोची बाजू आत आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर आईनं तिच्या ठसठशीत अक्षरात १०८ लिहिलंय, त्याखाली बहिणीचा नंबर, आणि उरलेल्या जागेत अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा.